टायर मे महिन्याचा, हवा डिसेंबरची

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसापासून अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांवर एमएच 12 आणि एमएच 14 दिसू लागतात. पुण्याला नोकरी करणारी पोरं बायकापोरांसह गावी येतात. जालन्याला समृद्धी महामार्गावर चढायचं आणि नांदगाव खंडेश्वरच्या शिवारात उतरेपर्यंत पाय अॅक्सिलरेटरवरून काढायचा नाही, असा त्यांचा खाक्या. भाऊबीज झाली की हाच लोंढा उलटा वाहतो. त्या आठवड्यात वऱ्हाडातल्या हवा भरायच्या दुकानांना उसंत नसते. डिकीत चकल्या-अनारशांचे डबे, घरच्या तुरीच्या डाळीची पोती, मागच्या सीटवर तिघं. पंक्चरवाला नळी हातात घेऊन विचारतो, "किती टाकू भाऊ?" आणि दहापैकी सात-आठ वेळा कानावर पडणारं उत्तर असं असतं: "अठ्ठावीस-तीस बस्स. लय लांब जायचं हाये, टायर तापते."

हे उत्तर साफ चुकीचं आहे. वऱ्हाडात ते इतक्या आत्मविश्वासानं दिलं जातं, बापाकडून मुलाकडे इतकं सहज जातं, की त्याच्यावर एक अख्खा लेख खर्च करायला हरकत नाही. पण त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाकडे वळावं लागेल, कारण अलीकडे तोही घराघरांत विचारला जातो. गाडीला टायर 'ऑल सीझन' घ्यायचे का?

हा प्रश्न बहुतेक वेळा फोनवरून येतो. अमरावती-अकोल्याच्या कॉलेजांतून इंजिनिअर होऊन गेलेली मुलं टोरांटोत, म्युनिकमध्ये, शिकागोत आहेत. तिकडे दिवाळीच्या सुमारास गॅरेजमध्ये टायर बदलायची वेळ घ्यावी लागते. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर कायद्यानं सक्तीचे आहेत. शेजारच्या ओंटारियोत सक्ती नाही, पण हिवाळी टायर बसवणाऱ्याला विमा कंपनीनं सवलत द्यायची, असा नियम 2016 पासून आहे. जर्मनीत तारीख ठरलेली नाही. बर्फ किंवा गोठलेला रस्ता असेल तर त्याला साजेसा टायर हवा, नाहीतर दंड. तर तिकडचा मुलगा इकडे बाबांना सांगतो, "तुमच्या गाडीला ऑल सीझन घ्या, बारा महिने चिंता नाही." बाबा दुकानात जाऊन तेच मागतात. दुकानदार मान डोलावतो आणि नेहमीचाच टायर काढून देतो. त्यात तो फसवत नाही. आपल्याकडे दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक टायर आपल्या तीनही ऋतूंसाठीच बनवलेला असतो.

तिकडच्या 'ऑल सीझन'चा अर्थ मात्र निराळा. रबर थंडीत कडक होतं. उन्हाळी टायरचं मिश्रण साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली ताठर व्हायला लागतं आणि रस्त्याला धरेनासं होतं. ही 7 अंशांची रेघ काही निसर्गानं आखलेली नाही, टायर कंपन्यांचा तो एक सोयीचा ठोकताळा आहे, पण व्यवहारात उपयोगी पडतो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही लवचीक राहावं म्हणून त्यात सिलिका जास्त घालतात, आणि नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक चिरा पाडतात, बर्फाला चिमटीत धरायला. फिनलंडमधल्या एका कारखान्यानं 1934 मध्ये पहिला हिवाळी टायर काढला. पण दर वर्षी दोनदा टायर काढा-घाला कोण करणार? म्हणून अमेरिकेत गुडइयरनं 1977 मध्ये 'टिएम्पो' नावाचा टायर आणला आणि ऑल सीझन हा प्रकार रूढ झाला. थोडा उन्हाळी, थोडा हिवाळी. तडजोड म्हटली की दोन्हीकडून थोडं सोडावं लागतं, तसंच झालं. खऱ्या बर्फात तो कमी पडतो हे लक्षात आल्यावर 1999 मध्ये तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं एक चिन्ह ठरलं. दाबलेल्या बर्फावरच्या चाचणीत पास झालेल्या टायरलाच ते मिळतं. नुसतं 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ, एवढं लिहिलेला टायर क्विबेकमध्ये हिवाळी धरत नाहीत. जर्मनीनंही 1 ऑक्टोबर 2024 पासून तसा टायर नाकारला.

आता वऱ्हाडात या. अमरावतीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास येतो, कधी एक-दोन अंश आणखी खाली. दुपारी पुन्हा अठ्ठावीस-तीस. 7 अंशांची ती रेघ आपण ओलांडतो कुठे? बहुधा चिखलदऱ्यात. अमरावती समुद्रसपाटीपासून सुमारे 343 मीटरवर, चिखलदरा 1118 मीटरवर. दर हजार मीटरला साडेसहा अंश हा ढोबळ हिशेब लावला तर अमरावतीपेक्षा तिथं पाच अंश कमी. म्हणजे जानेवारीत काही पहाटा पाच-सहा अंशांच्या निघतात, आणि उन्हं वर आली की संपतात. बर्फ पडत नाही. तेवढ्यासाठी थंडीत मऊ राहणारं रबर घ्यायचं, तर तेच रबर मे महिन्यात अकोल्याच्या रस्त्यावर घासायचं आहे, हेही लक्षात ठेवायला हवं.

अकोल्याचा मे काय असतो हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच सांगतो की मे 2024 च्या अखेरच्या आठवड्यात पारा 45 अंशांच्या वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेसाठी शहरात कलम 144 लावलं होतं. दंगलीत लावतात ते कलम, उन्हासाठी. हवामान खात्याचा हा आकडा सावलीतल्या हवेचा. डांबर त्याहून किती तरी जास्त तापतं, इतकं की अनवाणी माणूस चार पावलं टाकू शकत नाही. या रस्त्यावर हिवाळी टायर लावला तर तो ठोकळ्या-ठोकळ्यांनी वळवळेल, ब्रेकला लांब जाईल आणि वर्ष-दोन वर्षांत झिजेल. आपल्याला जो बारमाही टायर हवा त्याची परीक्षा जानेवारी घेत नाही, मे घेतो.

मग दुकानात उभं राहून काय बघायचं? टायरच्या बाजूवर सगळं लिहिलेलं असतं. आपण फक्त कंपनीचं नाव वाचतो आणि भाव विचारतो. समजा एखाद्या हॅचबॅकच्या टायरवर '185/65 आर 15 88 एच' असं कोरलेलं आहे. 185 ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के. आर म्हणजे रेडियल, 15 म्हणजे रिमचा व्यास इंचांत. इथपर्यंत दुकानदार सांगतो. पुढचं 88 सहसा कुणी सांगत नाही. तो भार-निर्देशांक आहे: 88 म्हणजे एका टायरवर कमाल 560 किलो. 82 असेल तर 475 किलो. आकार तोच ठेवून भार-निर्देशांक कमी असलेला स्वस्त टायर गळ्यात मारला जाऊ शकतो, आणि आपल्या गाड्या तर दिवाळीत भरून चालतात. शेवटचं अक्षर वेगाचं. एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, टी 190, एच 210. समृद्धीवर कारला मर्यादा 120 ची, मग 210 कशाला, असं वाटेल. पण हे अक्षर नव्या, पूर्ण हवेच्या, ठरलेल्या भाराच्या टायरचं असतं. टायर जुना झाला, हवा कमी असली, उन्हाचा पारा चढला की त्यातली शिल्लक भराभर संपते. म्हणून गाडीला कंपनीनं जे अक्षर दिलं आहे त्याच्या खाली कधी उतरू नये.

आणि एक शब्द खास आपल्यासाठी. बऱ्याच टायरवर लहान अक्षरांत 'टेम्परेचर' असं लिहून पुढे ए, बी किंवा सी असतं. ही अमेरिकेतली प्रतवारी आहे; उष्णता सोसायची आणि ती बाहेर टाकायची टायरची ताकद त्यातून कळते. सी म्हणजे किमान पात्रता, ए सर्वांत वर. वऱ्हाडात राहणाऱ्यानं 'ए'शिवाय टायर घेऊ नये, असं माझं सरळ मत आहे. आयएसआय चिन्ह तर हवंच. 2009 च्या केंद्र सरकारच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानं ते सक्तीचं केलं आहे. ओल्या रस्त्यावरची पकड, टायर फिरताना वाया जाणारी शक्ती आणि आवाज यांची मानकंही केंद्रानं 2022 मध्ये अधिसूचना काढून टायरांना लागू केली. आपल्या पावसाळ्याच्या दृष्टीनं पहिलं मानक सगळ्यात महत्त्वाचं.

टायर निवडायचं काम इथं संपतं. अर्ध्या तासाचं काम आहे. पुढची चार-पाच वर्षं ते टायर कसे वागतील हे मात्र त्या नळीवाल्याच्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो यावर ठरतं. म्हणून पुन्हा हवेकडे.

"टायर तापते म्हणून हवा कमी" यामागचा तर्क वरवर बरोबर वाटतो. तापल्यावर हवा फुगते, दाब वाढतो, मग टायर फुटतो; म्हणून आधीच जागा ठेवा. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. कारच्या टायरमध्ये दर सहा अंशांना साधारण एक पीएसआय दाब वाढतो. जानेवारीच्या दहा अंशांच्या पहाटे 33 भरलेला टायर मेच्या 45 अंशांत, गाडी न चालवताही, 39 च्या आसपास दाखवेल. पण धड टायर एवढ्या दाबानं फुटत नाही. बनवतानाच ही वाढ हिशेबात धरलेली असते. कमी हवेनं मात्र तो मरतो. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सुटते. तार हातात घेऊन उलटसुलट वाकवत राहिलं की ती वाकते तिथं गरम होऊन तुटते, तसंच. ताशी 100 च्या वेगात कारचं चाक मिनिटाला आठ-नऊशे फेरे घेतं, आणि प्रत्येक फेऱ्याला ती भिंत वाकते. आतून उष्णता साठत जाते, रबर आणि आतल्या पोलादी पट्ट्यांची जोड सैल होते, आणि मग एका क्षणी वरची नक्षीची पट्टी सोलून निघते किंवा भिंत फाटते. बाहेरून माणूस म्हणतो, गरमीनं टायर फुटला. गरमी होतीच, पण ती बरीचशी आतून आलेली होती, कमी हवेनं तयार केलेली.

हे जगाला एका मोठ्या प्रकरणानं शिकवलं. 1990 च्या दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या एक्स्प्लोरर गाड्यांच्या फायरस्टोन टायरांची नक्षी धावता धावता सोलून निघू लागली, गाड्या उलटू लागल्या. टायरच्या रचनेत आणि घडणीत दोष होते, पण आणखी एक गोष्ट पुढे आली. गाडीची चाल मऊ राहावी आणि उलटायची भीती कमी व्हावी म्हणून फोर्डनं त्या टायरांत 26 पीएसआय हवा भरायला सांगितलं होतं. फायरस्टोनचं म्हणणं 30 हवी. आणि अपघात कुठं जास्त झाले? टेक्सास, अॅरिझोना, फ्लोरिडा, कॅलिफोर्निया. तापणारी राज्यं. ऑगस्ट 2000 मध्ये 65 लाख टायर परत मागवले गेले. मृतांचा सरकारी आकडा पुढे 271 वर गेला. त्यातूनच अमेरिकेत कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून प्रत्येक नव्या कारमध्ये टायरची हवा कमी झाली की दिवा लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. आज आपल्याकडच्या नव्या गाड्यांत तो पिवळा दिवा दिसतो, त्याचं मूळ इथं. आपल्याकडे थंडीत सकाळी तो लागतो आणि लोक म्हणतात, सेन्सर खराब आहे.

सेन्सर खराब नसतो. हिशेब करून बघा. दिवाळीच्या दुपारी गाडी चालवत दुकानावर आलात. टायरच्या आतली हवा 55 अंशांवर गेलेली आहे. तुम्ही म्हणालात तीस टाक, त्यानं मोजून तीस ठेवली. काट्यावर तीस दिसली, तुम्ही समाधानानं निघालात. डिसेंबरच्या पहाटे गाडी अंगणात उभी, हवा 12 अंशांची. आता त्याच टायरमध्ये साधारण 24 पीएसआय उरलेली असते. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय. एक थेंबही हवा बाहेर गेली नाही आणि टायर नऊ पीएसआय उपाशी आहे. त्यात महिन्याला एखादा पीएसआय तर धडधाकट टायरमधूनही आपोआप झिरपतो.

म्हणून स्टिकरवरचा आकडा हा गार टायरचा आकडा असतो. गाडी किमान तीन तास उभी असावी, किंवा दोन-अडीच किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसावी, तेव्हा मोजायचं. आणि आकडा पाहायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा. टायरच्या भिंतीवर जो लिहिलेला असतो तो कमाल दाब. तेवढा भरायचा नसतो. भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरांना जास्त दाब, हेही त्याच स्टिकरवर लिहिलेलं असतं. थंडी पडली की पुन्हा भरायची. उन्हाळ्यात काढायची मात्र नाही; गार टायरवर आकडा स्टिकरपेक्षा जास्त दिसला तरच तेवढी सोडायची.

घरात हवा मोजायचा काटा नसेल तर घ्या. दुकानांतल्या मीटरवर माझा फारसा विश्वास नाही. ज्या काट्याला रोज रस्त्यावर आपटतात तो किती खरा सांगणार?

नायट्रोजनबद्दल विचाराल. 2019 मध्ये खुद्द केंद्रीय मंत्री नितीन गडकरींनी संसदेत टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन सक्तीचा करण्याचा विचार मांडला होता. साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो, थोडा सावकाश झिरपतो, एवढा फायदा. तापल्यावर तो फुगत नाही हे दुकानदार सांगतात ते खरं नाही. तोही जवळजवळ तेवढाच फुगतो. फुकट मिळाला तर भरा. नायट्रोजन भरला म्हणून सहा महिने हवा न मोजणारा माणूस, साधी हवा भरून दर पंधरवड्याला मोजणाऱ्यापेक्षा जास्त धोक्यात आहे.

आता रस्त्यांकडे. वऱ्हाडातल्या टायरांचं आयुष्य गेल्या काही वर्षांत पार बदललं आहे, आणि ते रस्त्यांनी बदललं. अमरावती-अकोला हा जुना सहा नंबरचा हायवे, आताचा 53, वर्षानुवर्षं रखडला होता. मूर्तिजापूरपर्यंत जाताना गाडी आणि कंबर दोन्ही खिळखिळी व्हायची. मग जून 2022 मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात राजपथ इन्फ्राकॉन या कंपनीनं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी एका लेनचा 75 किलोमीटर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटांत सलग टाकला. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, पंचवीस किलोमीटरचा. त्याच वर्षी 11 डिसेंबरला समृद्धीचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, आणि 5 जून 2025 ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा जोडला गेला. 701 किलोमीटर. अमरावती, वाशीम, बुलडाणा जिल्ह्यांतून तो जातो. अकोल्याला मात्र बाजूलाच ठेवलं, त्याची बोच अकोलेकरांना अजून आहे.

चांगला रस्ता आला आणि टायर फुटण्याच्या बातम्या वाढल्या. लोकांनी निष्कर्ष काढला: समृद्धीचा सिमेंटचा रस्ता टायर खातो. याबाबतीत मला रस्त्याची बाजू घ्यावीशी वाटते. सिमेंट काँक्रीट डांबरापेक्षा फिकट असतं, ऊन जास्त परतवतं. मेच्या दुपारी ते डांबरापेक्षा कमी तापतं. त्यावरच्या आडव्या खाचांनी टायर जरा जास्त घासला जात असेल, आवाज तर नक्कीच करतो. पण खरी गोष्ट वेगळी आहे. आपला टायर समृद्धीवर चढण्याआधी कुठं कुठं जाऊन आलेला असतो? जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात तो कधीतरी दणकन आदळलेला असतो. त्या दणक्यानं आतले धागे तुटतात, बाहेर काही दिसत नाही. फार तर काही दिवसांनी भिंतीवर एक छोटा फुगा येतो, तोही आतल्या बाजूला असला तर गाडी जॅकवर चढेपर्यंत कळत नाही. ताशी 60 ने गावात फिरताना हा टायर दोन वर्षं निभावतो. समृद्धीवर 120 ने सलग दोन तास चालवला, हवा कमी असली, की त्याचा निकाल लागतो. जखम गावच्या खड्ड्याची, मरण महामार्गावरचं, आणि आळ काँक्रीटवर.

प्रत्येक अपघात टायरच्या खात्यावर टाकायचीही घाई होते. 1 जुलै 2023 च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली, 25 प्रवासी गेले. टायर फुटला असं आधी सांगितलं गेलं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयानं केलेल्या पाहणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. टायर कुणाच्या विरोधात साक्ष देत नाही, म्हणून त्याच्यावर दोष टाकणं सोपं जातं. मध्यंतरी समृद्धीच्या प्रवेशाशी गाड्यांचे टायर तपासणं, गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवणं, चालकांना समजावणं सुरू झालं. चांगलं काम होतं. ते सदोदित व्हायला हवं.

गोटा टायर निदान डोळ्यांना दिसतो. नियम सांगतो, नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचेत मध्ये मध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात, टायरच्या खांद्यावर 'टीडब्ल्यूआय' अक्षरांजवळ. नक्षी झिजून तिथवर आली की टायर संपला. मी म्हणेन, तीन मिलिमीटरवरच बदला. आपल्याकडे हिवाळा सरता सरता अवकाळी येतो, कधी गारपीट. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली कोण विसरेल? चार महिने कोरड्या रस्त्यावर साचलेली धूळ आणि तेल पहिल्या सरीत साबणासारखं होतं, आणि उथळ नक्षीतून पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही.

वऱ्हाडातला खरा धोका मात्र उलट प्रकारचा आहे: नक्षी शाबूत, टायर म्हातारा. मास्तरांची, डॉक्टरांची, मध्यम शेतकऱ्याची गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालते. सात-आठ वर्षांनीही टायर नव्यासारखा दिसतो, म्हणून बदलायला जीव होत नाही. पण रबर वयानं कडक होतं, आणि आपल्याकडे पत्र्याच्या शेडखाली किंवा उघड्या अंगणात ते लवकर होतं. भिंतीवर, नक्षीच्या मुळाशी केसासारख्या भेगा दिसू लागतात. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही सुंदर असो, काढून टाका, असं बहुतेक टायर कंपन्या सांगतात. वऱ्हाडच्या उन्हात मी दहाची वाट पाहणार नाही. सहा-सात खूप झाली. स्टेपनीलाही वय असतं, हे आपण विसरतो. गाडीबरोबर आलेली, कधी जमिनीला न लागलेली स्टेपनी अडचणीच्या वेळी बसवायची आणि तशीच 120 ने निघायचं, हा तर जीवाशी खेळ.

हिवाळ्यात आपल्या गाड्या जातात कुठं? शेतात. ज्वारी दाण्यात आली की हुरड्याचे बेत, मग गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी. गाडी डांबर सोडून पांदणीनं आत घ्यायची, आणि धुऱ्याला लावायची. बाभळीचा काटा, वेचून झालेल्या पऱ्हाटीची आणि तुरीची धसकटं. ट्यूब असती तर तिथंच बसली असती गाडी. ट्यूबलेस टायरमध्ये काटा तसाच रुतून राहतो, आणि हवा इतकी सावकाश जाते की आठवडाभर कळत नाही. हुरड्याहून परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चारही टायर हातानं चाचपून बघावेत. काटा दिसला तर तो स्वतः उपटू नये, गाडी पंक्चरवाल्याकडे न्यावी. तो बाहेरून दोरी घालून काम उरकेल. लांबच्या रस्त्याला जायचं असेल तर टायर रिमवरून काढून आतून ठिगळ लावायला सांगा. वेळ जास्त लागतो, पण भरवसा तोच. भिंतीला भोक असेल तर कुठलंही ठिगळ नको.

आणि रस्त्यावर या दिवसांत कोण कोण असतं? जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी फुगलेल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. वरूड-मोर्शीकडून येणारे संत्र्याचे ट्रक. पूर्णेच्या खोऱ्यात पहाटे धुई उतरली की पन्नास फुटांवरचं दिसत नाही. कुठे ट्रकच्या रिमोल्ड टायरची सुटलेली पट्टी लेनमध्ये पडलेली. अशा वेळी टायरला करायचं काम एकच: चालकानं ब्रेक दाबला की गाडी थांबवणं. हवा कमी असलेला, कडक झालेला टायर तिथं नेमका कमी पडतो. चिखलदऱ्याहून उतरताना दव आणि सागाची ओली पानं असतील तेव्हाही हेच. तिथं 'ऑल सीझन' लिहिलेलं रबर तुम्हाला वाचवणार नाही. दुसरा गिअर वाचवेल.

एक वाद राहिला, दोनच नवे टायर घ्यायचे झाले तर ते कुठं लावायचे? आपल्याकडे सर्रास पुढे लावतात, इंजिन पुढे आहे म्हणून. ते मागे लावावेत. पुढचे टायर ओल्यात घसरले तर गाडी सरळ जाते, चालकाला स्टिअरिंगमधून कळतं. मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते, आणि तेव्हा कळून उपयोग नसतो. दर आठ-दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल, तेव्हाच अलाइनमेंट. हे दुकानदार आपणहून सांगतो, कारण त्यात त्याचाही धंदा आहे. सांगतो ते बरोबरच आहे.

तर भाऊबीजेचं ओवाळून घेतल्यावर, परतीच्या दिवशी, गाडी काढण्याआधी दहा मिनिटं काढा. पहाटे, चहाच्या आधी, टायर गार असताना. दारावरचा स्टिकर वाचा, काटा लावा, पाचही टायर मोजा, स्टेपनीसकट. डॉटचे चार आकडे बघा. भिंतीवर फुगा किंवा भेगा दिसल्या तर पुण्याचं एक दिवस लांबवा आणि टायर बदला. आणि गावातल्या पंक्चरवाल्यानं, टायर अजून गार असताना, विचारलं, "किती टाकू भाऊ?", तर त्याला स्टिकरवरचा आकडा सांगा. अठ्ठावीस नाही.